एचएमएस बीगलचा किट: ११ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात बीगल या जहाजाची छोटी प्रतिकृती जोडायचा लाकडी किट मागवला. तीच बीगल, जिच्यावरून डार्विन जगप्रवासाला गेला. प्रमाण १:६०. जकात आणि कुरिअर धरून बावीस हजारांच्या घरात गेला. कंपनी युरोपातली आहे, नाव देत नाही. मला आलेल्या अडचणी थोड्याफार फरकाने दुसऱ्या किटांतही येतील असं वाटतं. रोज रात्री जेवणानंतर तास-दीड तास बसतो, रविवारी थोडा जास्त. मॉडेल पुरं व्हायला अजून महिना लागेल, पण मत देण्याइतकं हाताखालून गेलंय.

आधी मत सांगून टाकतो. लाकूड उत्तम, धातूकाम बरं, दोरे टाकाऊ. आणि पुस्तिका कोणता दोर कुठे बांधायचा ते चित्रात दाखवते, कशासाठी बांधायचा ते कुठेच सांगत नाही. हा दुसरा दोष मला जास्त महाग पडला.

सांगाड्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे किटने त्रास दिला नाही. प्लायचे आडवे छेद लेझरने इतके नेमके कापलेत की ते खाचेत बसले की बसलेच. त्यावर लाइमवूडच्या पट्ट्यांचा पहिला थर, मग सापेलीच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जहाज निमुळतं होतं, म्हणून प्रत्येक पट्टीही त्या टोकाला निमुळती तासावी लागते. पहिल्या चार पट्ट्या मी न तासता वाकवल्या, त्या एकमेकींवर चढल्या. उखडून पुन्हा केल्या. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून गरम इस्त्रीच्या टोकावर वाकवल्या की सरळ धाग्याचं हे लाकूड तुटत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत सांगाडा झाला.

तळाला तांब्याचा पत्रा. खऱ्या जहाजांवरचे पत्रे साधारण चार फूट बाय चौदा इंचांचे असत. १:६० ला ते वीस बाय सहा मिलिमीटर होतात, आणि किटमधले चिकटपट्टीचे तुकडे बरोबर तेवढेच आहेत. ही काळजी कंपनीने घेतली याचा आनंद झाला. ते सुकाणूकडून नाळेकडे लावत यायचे, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाण्याला कडा सापडत नाही. फक्त पावसाळ्यात उघड्या बोटांनी लावू नका. घामाचे ठसे आठवड्यात काळे पडतात. मी उजवी बाजू तशी लावली, डावी सुती हातमोजे घालून. फरक आजही दिसतो.

खरं काम यानंतर सुरू झालं. बीगल १८२० साली वुलिचला पाण्यात उतरली तेव्हा दोन डोलकाठ्यांची ब्रिग होती. १८२५ मध्ये तिला मागे तिसरी डोलकाठी बसवून बार्क केलं. त्यामुळे पुढच्या दोन काठ्यांवर परबाणं, म्हणजे शीड टांगायचे आडवे वासे, आणि चौकोनी शिडं, मागच्या काठीवर जहाजाच्या लांबीच्या दिशेचं शीड. म्हणजे एकाच मॉडेलवर दोन्ही तऱ्हेचं दोरकाम शिकायला मिळतं. मी बीगल निवडली त्याचं हे मोठं कारण.

किटमध्ये काळा आणि बदामी असे सुती दोरे येतात, तीन जाडींचे. सगळ्यांवर लव. मेण लावलं की लव बसते, पण दोर मेणचट दिसतो आणि धूळ धरतो. तरी तेच वापरून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मी डोलकाठ्यांना दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे श्राउड आणि पुढे खेचणारे स्टे बांधले. सगळं सतारीच्या तारेसारखं ताठ. डिसेंबरात पाहिलं तर पुढचा मोठा स्टे सैल, डाव्या बाजूचे तीन श्राउड लोंबलेले. सुती दोर दमट हवेत पाणी पितो, फुगतो आणि लांबीला आखडतो. कोरडी हवा आली की पुन्हा लांबतो. पुण्याच्या पावसाळ्यात ताठ बांधलेला दोर हिवाळ्यात ढिला पडणारच. उलट हिवाळ्यात ताठ बांधला असता तर पावसात त्याने काठीच वाकवली असती.

जानेवारीत सगळं कापून काढलं. दोन महिन्यांचं काम होतं, त्या रात्री जेवण गेलं नाही. मग बोहरी आळीतून पॉलिएस्टरचा दोरा आणला, तीन पदरी पीळ घालून हवी ती जाडी केली. तो पाणी पीत नाही. फेब्रुवारीपासून एकही दोर हललेला नाही. गाठीवर इन्स्टंट ग्लू लावू नका. दोर कडक होतो, चकाकतो आणि वाकवला की तुटतो. पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल पुरतो, आणि चुकलंच तर तो अल्कोहोलने मऊ करून गाठ सोडवता येते.

दुसऱ्यांदा बांधताना क्रमही सुधारला. श्राउड जोडीने बांधायचे. आधी उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची, मग पुन्हा उजवीकडे. एक बाजू पुरी करून दुसरीकडे गेलात तर काठी कलते. श्राउडच्या खाली दोर ओवून ताणायला तीन भोकांच्या लाकडी चकत्या, म्हणजे डेडआय असतात, त्यांच्या जोडीतलं अंतर सारखं राहावं म्हणून तारेचा यू आकाराचा तुकडा दोघांच्या भोकांत अडकवून ठेवला. मग त्यावर चढायच्या आडव्या दोऱ्या, रॅटलाइन. खऱ्या जहाजावर त्या तेरा ते पंधरा इंचांवर असत, म्हणजे इथे सहा मिलिमीटर. मागे रेघा मारलेला पुठ्ठा लावून दर श्राउडवर एक खुंटगाठ, स्काउटमध्ये शिकवतात तीच. जोरात आवळली की श्राउड आत खेचले जातात आणि सगळ्याचा डमरू होतो. घड्याळजीचा चिमटा आणि शेणाच्या गोवरीइतका संयम, दोन्ही जवळ ठेवा: सावकाश धुमसत राहतो तो.

आता पुस्तिकेचा दोष. मी परबाणं सगळी वर चढवून बांधली होती, चित्रात होती तशी. देवगडला माझे काका आहेत, आयुष्य मचव्यावर गेलेलं. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "शीड खंय आसा?" मी म्हटलं, "काका, शिडं लावणार नाही, कापड फार जाड दिसतंय." ते म्हणाले, "मगे परबाण वर कित्याक? शीड नाय तर तां खाली येतला." त्यांचा मचवा वेगळा, ही बार्क वेगळी, पण मुद्दा खरा निघाला. वरच्या शिडांची परबाणं शीड फुलवायलाच वर खेचतात. शिडं नसतील तेव्हा ती उतरवून काठीच्या जोडापाशी विसावलेली असतात आणि टोकांना धरणारे दोर ताठ असतात. चार परबाणं उतरवली आणि मॉडेल एकदम बंदरात उभ्या जहाजासारखं दिसायला लागलं. तेव्हापासून प्रत्येक दोराला आधी विचारतो, तू ओढतोस काय, उचलतोस काय. उत्तर आलं की तो कुठून कुठे जाणार हे आपोआप कळतं आणि चित्र बघावं लागत नाही.

किटमध्ये एक गोष्ट नाहीच. डार्विनच्या सफरीसाठी बीगलवर स्नो हॅरिस या संशोधकाच्या पद्धतीचे, आकाशातली वीज खाली उतरवणारे वीजवाहक बसवले होते, डोलकाठ्यांमधून खाली जाणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या. तळाची तांबं-पट्टी उरली होती, तिचे अर्धा मिलिमीटरचे काप काढून तिन्ही काठ्यांवर चिकटवले. एका संध्याकाळचं काम. हे दोरकामाआधी करा, नंतर बोटं आत जात नाहीत.

कोणी घ्यावा? आधी एखादी एका काठीची छोटी नौका केली असेल तर जरूर घ्या. पहिलाच किट म्हणून नको, तांबं आणि दोन तऱ्हांचं दोरकाम एकदम अंगावर येईल. दोऱ्यांचे वेगळे पैसे आधीच धरा. काचपेटीही धरा, कारण पुढचा दांडा धरून लांबी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि ताणलेल्या दोरांवरची धूळ निघत नाही.

आता मागच्या बाजूच्या होड्या उरल्यात. जानेवारी १८३३ मध्ये केप हॉर्नजवळच्या वादळात एका लाटेने बीगलला इतकं आडवं केलं की पाण्यात गेलेली तिथली होडी तोडून सोडून द्यावी लागली. त्या होडीचे टांगणीचे दोर गेले दोन दिवस बांधतोय. एका बाजूचे झालेत, दुसऱ्या बाजूच्या कप्पीचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं करायचंय.