खिम्याचा इटालियन सॉस: बोलोन्याच्या वाटेनं की नेपल्सच्या?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पास्त्यावरचा मटणाचा सॉस बहुधा दोनच प्रकारे फसतो. एक तर तो आंबट होतो आणि आंबटपणा झाकायला साखर पडते, नाहीतर आलं-लसूण आणि गरम मसाल्यानं त्याचा खिमा पाव होतो. दोन्हींचं मूळ एकच: चव मटणावर उभी करायची की टोमॅटोवर, हे आधी ठरवलेलं नसतं. इटलीत या दोन वाटा वेगळ्या आहेत, आणि त्यांची तडजोड केली की दोन्हीकडचे दोष पदरात पडतात.

बोलोन्या शहराची वाट मांसाची. इटालियन पाककला अकादमीनं 1982 साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये या सॉसची कृती रीतसर नोंदवली. 2023 साली ती बदलली, पण त्या मूळ नोंदीत 300 ग्रॅम गोमांस, 150 ग्रॅम पान्चेता म्हणजे मुरवलेली डुकराची चरबीदार पट्टी, थोडं गाजर, सेलरी, कांदा, अर्धा ग्लास वाइन आणि एक ग्लास दूध होतं. टोमॅटो किती? पाच चमचे सॉस, किंवा घट्ट अर्क (टोमॅटो पेस्ट) असेल तर फक्त 20 ग्रॅम. लसूण नाही, मिरची नाही. नेपल्स शहराची वाट उलटी: मांसाचे मोठे तुकडे भरपूर टोमॅटोत, एखाददुसराच बुडबुडा फुटेल इतक्या मंद आचेवर तासन्‌तास शिजतात. तो रस पास्त्यावर घेतात आणि मांस नंतर वेगळं वाढतात. आपण घरी खिमा घालून जो लालभडक सॉस करतो, तो स्वभावानं याच्या जवळचा.

आता आपल्या बाजाराकडे बघून ठरवू. गोमांसाचा विषय सोडून देऊ. इथल्या बहुतेक घरांत खिमा म्हणजे बकऱ्याचा. तो गोमांसापेक्षा कोरडा असतो आणि त्याचा उग्र वास मुख्यतः चरबीत असतो. म्हणून खांद्याचं मटण घ्या, वरची चरबी काढून एकदाच दळून मागा, आणि स्निग्धपणासाठी 500 ग्रॅमला 30 ग्रॅम लोणी घाला. पान्चेतेच्या जागी गोव्याचं चोरिस घालायचा मोह आवरा. त्यातल्या व्हिनेगर-मिरचीपुढे बाकी काही उरत नाही. बेकन मिळालं तर 50 ग्रॅम पुरे, पण ते धुरावलेलं असतं, म्हणून दोन मिनिटं पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या. घाण्याचं शेंगतेल इथं नको, वास मारतो.

टोमॅटोचं दुखणं मोठं आहे. बाजारात येणारा संकरित टोमॅटो लांबच्या प्रवासाला टिकावा म्हणून जाड सालीचा असतो आणि बऱ्याचदा अर्धवट पिकलेला उतरवलेला. आंबट आहे, पण गर आणि गोडवा कमी. नेपल्सकडचा सान मार्झानो लांबट, कमी बियांचा, गराचा. त्या पद्धतीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. आपला टोमॅटो घेऊन ती पद्धत करायची तर किलोभर पूर्ण लाल फळं दोन-तीन दिवस फ्रिजबाहेर पिकवा, साल काढा, गर चाळणीतून गाळा आणि निम्मा होईपर्यंत आटवा. खिमा त्यानंतर. एवढी खटपट करायची नसेल तर टोमॅटोचा डबा वापरा. डब्यावरच्या यादीत टोमॅटो आणि मीठ एवढंच असावं. केचप चालणार नाही. त्यात साखर, व्हिनेगर आणि मसाला आधीच घातलेला असतो.

म्हणून आमचं मत सरळ आहे: बकऱ्याचा खिमा आणि बाजारचा टोमॅटो हाताशी असेल तर बोलोन्याची वाट धरा. आंबटपणा मुळातच कमी असेल तर तो मोडायचे उपाय शोधावे लागत नाहीत. चांगला डबा मिळाला, किंवा घरातल्या मुलांना लाल सॉसच हवा असेल, तर नेपल्स. चिकनच्या खिम्याला तीन तास शिजवण्यात अर्थ नाही, तो भुसा होतो. त्याला टोमॅटोचा सॉस आणि 30 मिनिटं.

बोलोन्याच्या वाटेवर 500 ग्रॅम खिम्याला कांदा 80 ग्रॅम, गाजर 50 आणि सेलरी 50, सगळं बारीक चिरून लोण्यात मंद आचेवर 15 मिनिटं परता. कांदा तांबूस करायचा नाही, मऊ करायचा. सेलरी मिळाली नाही तर सोडून द्या. ओवा घालू नका, त्याचा वास सगळ्यावर बसतो. दुसऱ्या पसरट भांड्यात खिमा दोन खेपांत भाजा. इथं घाई नडते. एकदम सगळा टाकला की पाणी सुटतं, आणि पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. खिमा भाजत नाही, उकडतो. पाणी आटून चरचर आवाज यायला लागला, बुडाला तपकिरी डाग धरले, की खरी चव तयार होते. ते डाग करपू देऊ नका, वाइननं सोडवून घ्या.

वाइन कोरडी (ड्राय, म्हणजे गोड नसलेली) हवी, 100 मिली. गोव्याहून आणलेली पोर्ट गोड असते, ती घातली की सॉस जॅमकडे झुकतो. घरात वाइन चालत नसेल तर मटणाचं अळणी, म्हणजे मटण उकडल्याचं पाणी, 100 मिली घ्या, मात्र हळद आणि आल्याशिवाय काढलेलं, आणि आंबटाची टोचणी शेवटी अर्धा चमचा लिंबाच्या रसानं द्या. मग 150 मिली सायीचं दूध घालून आटू द्या, आणि त्यानंतरच दोन चमचे टोमॅटोचा अर्क. क्रम उलटा झाला तर आंबटात दूध फाटतं. खिम्यात ते फार दिसत नाही, पण रस पातळ राहतो. म्हशीचं दूध असेल तर लोणी निम्मं करा. चिमूटभर जायफळ चालेल. इटलीतल्या तमालपत्राहून आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, दालचिनीच्या जवळच्या वासाचं आहे. इथं ते नकोच.

त्यानंतर जाड बुडाच्या पातेल्यात झाकण थोडं कलतं ठेवून अडीच तास. कोरडं पडेल तसं अर्धी-अर्धी वाटी गरम अळणी घालत राहा. कुकरचा मोह होईलच. कुकरमध्ये मटण मऊ होतं पण पाणी उडून जात नाही, त्यामुळे चव दाट होत नाही आणि टोमॅटो कच्चा लागतो. वेळच नसेल तर खिमा आणि अळणी चार शिट्ट्यांवर शिजवा, मग झाकण काढून दूध, टोमॅटो आणि 25 मिनिटं आटवणं.

नेपल्सच्या वाटेवर आंबटपणा उरलाच तर साखर शेवटी. साखर आंबट कमी करत नाही, जिभेला झाकून दाखवते. एक चिमूट ठीक, चमचा नाही. खाण्याचा सोडा खरोखर आम्ल मारतो: किलोभर टोमॅटोला पाव चमच्याहूनही कमी, फेस येऊन जाऊ द्या, मग चाखा. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती परत फिरवता येत नाही. गाजर आधीपासून दुप्पट घातलं तर बहुतेक वेळा दोन्हींची गरज पडत नाही. लसणाच्या दोन पाकळ्या इथं चालतात. तिखट हवंच असेल तर संकेश्वरी मिरचीचा एक तुकडा तेलात फिरवून काढून घ्या. ब्याडगी रंगाला छान, पण टोमॅटोच्या सॉसला रंग उसना कशाला?

मीठ दोन्हीकडे शेवटी, कारण आटताना खारटपणा वाढत जातो, आणि वर पार्मेजान चीज किसणार असाल तर त्याचंही मीठ धरायचं. सॉस सपक लागला तर आधी मीठ, मग लिंबाचे दोन थेंब, आणि तरीही पोकळ वाटला तर अर्धा चमचा सोया सॉस. हा क्रम मोडू नका. पास्ता लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम मीठ घालून, पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा, आणि अर्धी वाटी पास्त्याचं पाणी राखून सॉसमध्येच शेवटचं मिनिट फिरवा. बोलोन्याच्या सॉसला रुंद पट्टीचा पास्ता लागतो, नेपल्सच्याला नळीचा. स्पगेटीवर खिमा टिकत नाही, ताटात तळाशी उरतो.