'डोअर टू डोअर' मूव्हिंग सेवा: पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन काकांचे

आमचं घरचं सामान परदेशातल्या नव्या घरी ७१ दिवसांनी पोहोचलं. कोटेशनवर 'अंदाजे ३० दिवस' लिहिलं होतं आणि कंपनीच्या हिशेबाने ते खोटंही नव्हतं, कारण जहाज खरंच २९ दिवसांत बंदराला लागलं. उरलेले ४२ दिवस सामान कुठे पडून होतं, ते सांगायला हा रिव्ह्यू लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. निम्मा घोळ माझाच आहे, आणि उरलेला निम्मा या धंद्यात सर्रास चालतो असं आता माझं मत झालंय.

मी नोकरीने अकाउंटंट. तीन कंपन्यांची कोटेशनं मागवली, एका शीटमध्ये मांडली, रांगा रंगवल्या आणि शेवटी सगळ्यात लहान आकड्याला भुलले. नवरा म्हणाला, "दिवसभर लोकांची बिलं तपासतेस ना तू?" ते वाक्य तो अजून सोडत नाही.

सर्व्हे व्हिडिओ कॉलवर झाला. पलीकडच्या मुलाने फोन घेऊन घरभर फिरायला सांगितलं, मी फिरले, आणि त्याने ९ घनमीटर काढले. माळ्याचं त्याने विचारलं नाही, मीही दाखवला नाही. पॅकिंगनंतर भरलं ११.४. वाढीव जागेचे पैसे अर्थातच आमच्याकडून. तेव्हा मी तणतणले, पण भांडणार कशाच्या जोरावर? त्याने कुठल्या वस्तूला किती जागा धरली होती, ती यादी मी मागवलीच नव्हती. तुम्ही मागवा. कपाटं उघडून दाखवा, पलंगाखाली फोन धरा, आणि यादी मेलवर आल्याशिवाय होकार देऊ नका.

समुद्रमार्गे जाणाऱ्या घरच्या सामानाचे पैसे जागेवर लागतात, वजनावर नाही. हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं, पण कळलं ते पांघरुणांमुळे. गेल्या गेल्या लागतील म्हणून ती विमानाने पाठवली. विमानाच्या मालाला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि ६००० ने भागतात. येणारा आकडा आणि खरं वजन, यातलं जे जास्त ते बिलात. आमचं खोकं ६० बाय ५० बाय ५०. काट्यावर ९ किलो, बिलात २५. कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात, म्हणजे त्यांच्याकडे ते ३० किलोचं झालं असतं. हवेचं भाडं भरलं आम्ही, दुसरं काय.

पुस्तकांचं नेमकं उलट. सहाशे पुस्तकं पाऊण घनमीटरच्या आत बसली, तर चार खुर्च्यांनी घनमीटरभर जागा खाल्ली. जी पुस्तकं 'जड आहेत' म्हणून मी वाटून टाकली त्यांची हळहळ अजून आहे, आणि ज्या खुर्च्या नेल्या त्यांच्या भाड्यात नव्या आल्या असत्या. विजेच्या उपकरणांचंही आधी बघून घ्या. काही देशांत ११० ते १२७ व्होल्ट आणि काही ठिकाणी २२० ते २४०, एवढाच फरक नसतो. कुठे ५० हर्ट्झ, कुठे ६०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे मोटरवर चालणारी बरीचशी यंत्रं मागे ठेवलेलीच बरी.

आता काका. पॅकिंगला तीन जण आले, दोन तरुण मुलं आणि एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना मी दुसऱ्या कपापासून काका म्हणू लागले. त्यांनी ताटल्या एकावर एक ठेवल्या नाहीत. प्रत्येकीला कागद गुंडाळला आणि खोक्यात उभ्या लावल्या, फायली लावतात तशा. आडव्या ताटल्यांत वरच्या सगळ्यांचा भार तळाच्या ताटलीवर येतो, उभ्या असल्या की जिचा भार तिच्यावर. एकही फुटली नाही. पुस्तकांना त्यांनी मुद्दाम लहान खोकी घेतली, मोठ्यांचा तळ सुटतो म्हणून. आरशासाठी लाकडी क्रेट आलं, तेव्हा मला बोलावून म्हणाले, "मॅडम, हा शिक्का बघून ठेवा." एक चौकट, आत गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, शेजारी देशाचा कोड, बनवणाऱ्याचा नंबर आणि 'एचटी'. एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंट. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात, म्हणजे आतली कीड मरते. आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे हा. शिक्क्याशिवायचं कच्चं लाकूड पलीकडे अडकू शकतं. प्लायवूडला तो लागत नाही, कारण ते बनतानाच उष्णतेतून आणि दाबातून गेलेलं असतं. एवढं मला ना सर्व्हेवाल्याने सांगितलं ना ऑफिसातल्या कोऑर्डिनेटरने. दोन तारे यांचेच.

पण याच काकांनी इन्व्हेंटरी भरली. प्रत्येक नगाला नंबरचं स्टिकर, आणि यादीत नंबरासमोर वस्तू आणि तिची अवस्था, तीही खुणांत. 'एससी' म्हणजे ओरखडा, 'सीएच' म्हणजे टवका, 'पीबीओ' म्हणजे मालकाने स्वतः पॅक केलेलं. संध्याकाळ झाली होती, ट्रक खाली उभा होता. मी पाच पानांवर पाच सह्या ठोकल्या. दुसऱ्या देशात पोहोचल्यावर निवांत वाचलं, तर आमच्या प्रत्येक लाकडी वस्तूसमोर 'एससी'. नऊ महिन्यांपूर्वी घेतलेलं टेबल, त्यावर एक रेघ नव्हती, त्याच्याहीसमोर. काका कंपनीचे आणि कामात चोख. चोख माणूस आपल्याच बाजूचा असतो असं मला का वाटलं, देव जाणे.

'पीबीओ'ची गंमत वेगळीच. कोऑर्डिनेटर बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "थोडं तुम्हीच पॅक करून ठेवलंत तर दिवस वाचेल." म्हणून आदल्या रात्री काचेचा दिवा मी स्वतः टॉवेलांत गुंडाळला. तो फुटला. बहुतेक विमा पॉलिसी मालकाने भरलेल्या खोक्यातल्या मोडतोडीचे पैसे देत नाहीत, आमचीही देत नव्हती. हे बाईंना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

४२ दिवसांकडे येते. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. आमचे ११.४ म्हणजे तिसरा हिस्सा, त्यामुळे सामान शेअर कंटेनरमध्ये. असा कंटेनर इतर घरांचं सामान जमेपर्यंत हलत नाही. आमचा २४ दिवस हलला नाही. फोन केला की "पुढच्या आठवड्यात नक्की". पूर्ण कंटेनर घेतला तर तो तुमच्या तारखेला निघतो, पण त्यातल्या रिकाम्या जागेचंही भाडं तुमचंच. शेअरच घ्यायचा असेल तर 'ट्रान्झिट किती दिवस' हा प्रश्न निरुपयोगी आहे. कंटेनर कोणत्या तारखेला बंद होणार आणि जहाज कोणतं, हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

उरलेले १८ दिवस पलीकडच्या बंदरात गेले. 'डोअर टू डोअर' म्हटलं की एकच कंपनी आपल्या या दारातून त्या दारात सामान नेते, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात आपली कंपनी सामान जहाजावर चढवते आणि पलीकडे ते उतरवून घेते दुसरीच, जिला डेस्टिनेशन एजंट म्हणतात. तिला मी निवडलं नव्हतं, तिचं नावही सामान समुद्रात असताना कळलं. तिच्या पहिल्याच मेलला बिल जोडलेलं होतं: टर्मिनल हँडलिंग (बंदरावर माल उतरवून हलवण्याचा खर्च), कस्टम्स तपासणी, गोदामभाडं. मूळ कोटेशनच्या जवळपास पाचवा हिस्सा! कोटेशन पुन्हा उघडलं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, 'गंतव्य बंदरावरील शुल्के वगळून'. मी ज्या कंपनीची रांग शीटमध्ये लाल करून बाद केली होती, तिच्या आकड्यात टर्मिनल हँडलिंग धरलेलं होतं. म्हणून तर तो मोठा दिसत होता.

वापरलेलं घरगुती सामान पुष्कळ देश जकातीशिवाय सोडतात, पण अटी घालून, आणि अटी जिथल्या तिथल्या. युरोपियन युनियनमध्ये साधारणपणे तुम्ही आधीचे १२ महिने बाहेर राहिलेले असावे लागता, वस्तू किमान ६ महिने वापरलेल्या असाव्या लागतात, आणि राहायला गेल्यापासून १२ महिन्यांत सामान आणावं लागतं. अमेरिकेत घरसामान किमान वर्षभर वापरातलं असण्याची अट आहे. ब्रिटनमध्ये सवलतीचा अर्ज आधीच मंजूर करून घ्यायचा असतो. जिथे चाललात तिथल्या कस्टम्सचं पान सामान बांधण्याआधी वाचा. नवंकोरं मायक्रोवेव्ह 'स्वस्त मिळतंय' म्हणून निघताना घेऊ नका, एवढं तरी त्यातून कळेल.

आमचं अडलं ते राहत्या पत्त्याच्या पुराव्यावर. भाडेकरार हातात येईपर्यंत ८ दिवस गेले, आणि गोदामाचं मीटर दर घनमीटर दर दिवस या हिशेबाने पळत राहिलं. मग एजंटने टेबलाची पावती मागितली. ती १२ नंबरच्या खोक्यात होती. १२ नंबरचं खोकं त्याच्याच गोदामात. सुदैवाने दुकानाच्या मेलमधली प्रत चालली. लग्नाचं सर्टिफिकेट मात्र हातातल्या बॅगेत होतं, अपोस्टिल करून, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का घेऊन. ते निघण्याआधीच उरकून घ्या, कारण कागद ज्या देशाचा, अपोस्टिलचा शिक्का त्याच देशात मिळतो.

बिल भरलं, तरी सामान सुटेना. मी बँकेतून स्विफ्टने पैसे पाठवले होते. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने आपलं शुल्क कापून घेतलं आणि एजंटच्या खात्यात रक्कम किंचित कमी पडली. इतकी किंचित, की हसू यावं. पण पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत रिलीज नाही, हा त्यांचा नियम, आणि त्यात ३ दिवस. पैसे पाठवताना 'सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडून' हा पर्याय मिळतो. तो निवडायला मी, अकाउंटंट बाई, विसरले.

उरलेला आठवडा तपासणीत आणि डिलिव्हरीचा स्लॉट मिळण्यात गेला. डिलिव्हरीच्या दिवशी माझ्या हातात आकड्यांचा तक्ता दिला. हमाल दारातून नंबर ओरडणार, मी खूण करणार. ६४ नग, खुणा ६३. ४६ आलंच नाही. यादीत ४६ समोर काय, तर 'किरकोळ'. हरवलेल्या किरकोळाचा क्लेम कसा करायचा? माझ्याच्याने आठवेना आत काय होतं. सही करताना 'एक नग कमी, आतील वस्तू न तपासता' असं लिहून दिलं, ते एक शहाणपण केलं. ४६ नंबर १९ दिवसांनी आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी सामानातून. आत हँगर, पडद्यांच्या कड्या आणि इथल्या सॉकेटला न बसणारे चार एक्स्टेंशन बोर्ड.

विम्याबद्दल कंपनीवर मी उगाच संशय घेतला, हेही लिहायला हवं. कोऑर्डिनेटर बाई 'ऑल रिस्क' (वाटेतल्या जवळपास सगळ्या धोक्यांचा मरीन विमा) घ्या म्हणून मागे लागल्या, तेव्हा वाटलं कमिशन असेल. असेलही. पण मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, तेव्हा जहाजमालकाने 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं होतं. म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च जहाजमालकाने आणि त्यावर माल असलेल्या सगळ्यांनी मिळून सोसायचा. तुमचा माल धडधाकट असला, तरी तुमच्या वाट्याची हमी दिल्याशिवाय तो सोडत नाहीत. मरीन विमा असेल तर ते विमा कंपनी बघते. फक्त वस्तूंची किंमत कमी लावू नका. निम्मी लावलीत तर नुकसानभरपाईही निम्मीच मिळू शकते. आणि लावायची ती नव्या ठिकाणी तीच वस्तू घ्यायला लागेल ती किंमत.

पुन्हा सामान न्यायची वेळ आली तर? कंपनी बदलेन, काका मागेन.

दिव्याचा क्लेम फेटाळला गेला. टेबलाचा चालू आहे. त्याच्या कोपऱ्यावर वीतभर चर पडलीय आणि विमावाले 'एससी'कडे बोट दाखवतायत. गेल्या आठवड्यात त्यांनी पॅकिंगआधीचा टेबलाचा फोटो मागितला. नवऱ्याच्या फोनमध्ये एकच सापडला. कोपरा स्वच्छ दिसतो, पण अर्ध्या टेबलावर माझा लॅपटॉप आहे, उघडा, आणि स्क्रीनवर तीन कोटेशनांची शीट. लाल रांग वाचता येते. तोच पाठवलाय.