एच-१बी, एल-१, ब्लू कार्ड की बाणेर: दावं कुठे किती लांब?

पुण्यात आयटीत पाच-दहा वर्षं काढलेल्या माणसापुढे आज साधारण चार वाटा दिसतात. अमेरिकेत एमएस करून तिथूनच एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत उतरायचं. आहे त्याच कंपनीकडून एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, ऑनसाइट जायचं. जर्मनीचं ब्लू कार्ड, म्हणजे कुशल माणसांसाठीचा काम आणि राहण्याचा परवाना, काढायचं. नाहीतर बाणेर-खराडीतल्या एखाद्या परदेशी कंपनीच्या जीसीसीत (कंपनीचं स्वतःचं भारतातलं केंद्र) बसून तेच काम इथून करायचं. घरोघरी तुलना चालते ती पॅकेजची. माझ्या मते आधी विचारायचं ते असं: उद्या नोकरी गेली, किंवा मॅनेजरशी पटेना, तर त्या देशात तुम्ही किती दिवस तग धराल? परदेशी कामगार आणि स्थानिकांच्या नोकऱ्या हा सगळा वादही फिरून याच मुद्द्यावर येतो.

अमेरिकी कर्मचाऱ्यांची तक्रार आपण फार लवकर ‘वर्णद्वेष’ म्हणून झटकून टाकतो. २०१५ मध्ये ऑर्लँडोत डिस्नेच्या सुमारे २५० आयटी कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला आणि जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवायला सांगितलं गेलं. आपल्याकडे केटी (नॉलेज ट्रान्सफर) म्हणतात तीच. त्याच सुमारास सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतही असंच घडलं. हे कायद्यात बसलं कसं? आधी स्थानिक माणूस शोधा, ही अट फक्त ‘एच-१बी-अवलंबित’ कंपन्यांना आहे. मोठ्या कंपनीच्या बाबतीत मनुष्यबळाच्या १५ टक्के किंवा जास्त लोक एच-१बीवर असले तर. त्यातही माणसाला वर्षाला ६० हजार डॉलर पगार किंवा त्या कामाची मास्टर्स पदवी असली, की सूट. हा ६० हजारांचा आकडा १९९८ चा आहे आणि अजून तसाच आहे! शिवाय किमान पगाराच्या चार पातळ्यांतली पहिली पातळी १७ व्या शतमकावर बसवलेली. म्हणजे त्या भागात तेच काम करणारे शंभरातले ८० हून अधिक लोक त्यापेक्षा जास्त कमावतात.

महाराष्ट्रात ‘भूमिपुत्रांना ८० टक्के’ ऐकत मोठे झालेल्यांना हे परकं वाटू नये. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला, तो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवला. कर्नाटकने २०२४ मध्ये तसंच विधेयक आणलं आणि उद्योगांनी ओरड करताच थांबवलं. आपण बाहेर जाताना एका बाजूने बोलतो आणि बाहेरचा आपल्याकडे आला की दुसऱ्या, हे मान्य करून पुढे जाऊ.

माझं मत असं की परदेशी माणूस स्वस्त पडतो तो मालकाच्या दावणीला बांधलेला असतो म्हणून. ज्याला राजीनामा देता येत नाही तो पगारवाढही मागत नाही, आणि त्यामुळे शेजारच्या डेस्कवरच्या अमेरिकी माणसाचा पगारही दबतो. दावं जितकं लांब, तितकं दोघांचं भलं. आता याच मापाने चारही वाटा.

एच-१बी. वर्षाला ६५ हजार व्हिसा, अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या आल्या आणि १ लाख २० हजारांच्या आसपास निवडल्या गेल्या. मग नियम बदलायला लागले. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावले, मुदत १२ महिने. म्हणजे जवळपास ९० लाख रुपये. पुण्यात बसलेल्या माणसासाठी एवढी रक्कम कुठली सर्व्हिस कंपनी मोजणार? पण विद्यार्थी व्हिसावर तिथेच असलेल्याने तिथल्या तिथे एच-१बीत बदल करून घेतला, तर ही रक्कम लागत नाही, असा खुलासा महिन्याभरात आला. त्यामुळे पुण्याहून थेट जाण्याचा आणि एमएस करून जाण्याचा रस्ता आता पूर्ण वेगळा झाला आहे.

दुसरा बदल जास्त खोल आहे. सरसकट लॉटरीऐवजी पगाराच्या पातळीनुसार वजन: चौथ्या पातळीच्या माणसाची चिठ्ठी चार वेळा, पहिलीच्या माणसाची एकदा. हा नियम मांडताना अमेरिकी सरकारनेच काढलेला अंदाज असा होता की निवडीची शक्यता पहिल्या पातळीला सुमारे १५ टक्के, चौथीला ६१. ऐकायला न्याय्य वाटतं, पण पातळी ठरते त्या शहरातल्या त्या कामाच्या पगारांवरून. सॅन होजेत दीड लाखाच्या आसपास पगार असलेला इंजिनिअर खालच्या पातळीत अडकतो, आणि छोट्या गावात त्याहून कमी पगाराचा माणूस वर जातो. ऑफर लेटरवरचा मोठा आकडा पाहून भुलू नका.

आणि दावं? नोकरी गेली की देशात राहायला ६० दिवस. नवा मालक अर्ज भरेल तर तेवढ्यात बदलता येतं, हे खरं. पण ग्रीन कार्डासाठी दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने ईबी-२ (उच्च पदवीधरांचा गट) मधल्या भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. तोवर घर, हप्ते, मुलांची शाळा सगळं त्या ६० दिवसांवर टांगलेलं. मूल २१ चं झालं तर तुमच्या अर्जातून बाहेरही पडू शकतं.

एमएसवाल्यांना पदवीनंतर ओपीटीची, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची, ३ वर्षं मिळतात, म्हणजे लॉटरीत साधारण तीन वेळा नाव घालता येतं. पण ओपीटीची मुदत अमेरिकी संसदेच्या कायद्यात लिहिलेली नाही, ती प्रशासकीय नियमातून आली आहे, आणि नियम कायद्यापेक्षा लवकर बदलतो. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढताना हे ध्यानात असू द्या.

एल-१. याला कोटा नाही, किमान पगाराची अट नाही, १ लाख डॉलरची भानगड नाही. कंपनीत एक वर्ष झालं की पात्र. जोडीदाराला काम करता येतं. मॅनेजर असाल तर एल-१ए ७ वर्षं आणि पुढे ग्रीन कार्डासाठी ईबी-१ या वरच्या गटाची तुलनेने छोटी रांग. इंजिनिअर असाल तर एल-१बी, ५ वर्षं. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर अधिकारी विचारतो, ‘तुम्हाला असं काय येतं जे दुसऱ्याला येत नाही?’ ‘सर, जावा’ एवढंच उत्तर दिलं तर पुढचं बोलणं तिथेच संपतं. मात्र मालक बदलायची सोय इथे शून्य. दावं सगळ्यात आखूड ते याचंच. ग्रासली आणि डर्बिन हे दोन सिनेटर २००७ पासून वारंवार जे विधेयक आणतात, त्यात एच-१बीबरोबर एल-१ लाही चाप आहे. स्थानिकांच्या बाजूने बघितलं तर तो आधीच लागायला हवा होता.

जर्मनी. इथे लॉटरी नाही, सरळ आकडा आहे: २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो, आणि आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत सुमारे ४५,९३४. तेवढी ऑफर आणि मान्य पदवी असली की कार्ड. पहिल्या वर्षात नोकरी बदललीत तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं, पुढे मोकळे. बी१ (मध्यम पातळीचं) जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, ए१ (अगदी प्राथमिक) वर २७ महिन्यांत. अमेरिकेतल्या रांगेशी याची तुलनाच होत नाही. त्या बदल्यात एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विमा मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास जातात, आणि भाषेवाचून गाडी अडते. मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा शनिवार-रविवारचा वर्ग लावणं आधी, अर्ज नंतर.

बाणेर-खराडी. ब्रिटा ग्लेनन या अर्थतज्ज्ञ बाईंच्या अभ्यासात दिसलं की एच-१बी आवळला की अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपन्या बाहेरच्या शाखा वाढवतात. भारत, चीन आणि कॅनडात. थोडक्यात, नोकरी वाचवायला लावलेली कडी नोकरी इकडे ढकलते. म्हणून तर सिनेटर मोरेनो यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर दिलेल्या कामावर २५ टक्के कराचं विधेयक आणलं. ते संमत झालं तर पुण्याला बसेल, हे उघड आहे. इथली नोकरी पक्की असा भ्रमही नको; टीसीएसने २०२५ मध्येच सुमारे २ टक्के लोक कमी करायचं जाहीर केलं. पण नोकरी गेली तर देश सोडावा लागत नाही. दावं एकच, ९० दिवसांच्या नोटीस पिरियडचं, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकचं.

नुकतीच पदवी घेतलेल्याने आज कर्ज काढून अमेरिकेला जाऊ नये, असं मला वाटतं. वजनाची लॉटरी त्याच्याच विरुद्ध लावलेली आहे. इथे चार वर्षं चांगल्या जीसीसीत काढा, जोडीला जर्मन शिका. आठ-दहा वर्षांचा अनुभव असेल आणि पस्तिशीच्या आत असाल तर ब्लू कार्ड सरस. मॅनेजर असाल तर एल-१ए जरूर घ्या, पण ग्रीन कार्डाचा अर्ज कधी भरणार ते निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. आणि अमेरिकेतच असाल, एच-१बीची नोंदणी समोर असेल, तर एचआरला पगाराआधी हे विचारा: माझी पातळी कितवी, आणि ती कोणत्या शहराच्या हिशेबाने लावली?