पाच मिनिटांचे मनन : प्रायश्चित्तकाळाच्या एका पुस्तिकेविषयी

वसई परिसरातील एका प्रार्थनागटाने यंदाच्या प्रायश्चित्तकाळासाठी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवास-प्रार्थनेच्या काळासाठी, काढलेली दैनिक मननाची पुस्तिका मी या काळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, म्हणजे १८ फेब्रुवारी २०२६ रोजी, मिस्सा (चर्चमधील उपासना) संपल्यावर चर्चच्या फाटकापाशी ६० रुपयांना विकत घेतली आणि पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत), मध्ये चुकलेले दोन दिवस सोडल्यास, रोज वाचली. काढणारी मंडळी स्वयंसेवक आहेत, निम्मी ओळखीची आहेत आणि पुढे काही तक्रारी यायच्या आहेत, म्हणून गटाचे नाव येथे घेत नाही. पुस्तिकेचा विषय ‘दृष्टी आणि भरवसा’ असा आहे. रविवार धरून ४६ दिवसांची ४६ मनने, प्रत्येक पानावर त्या दिवसाच्या वाचनाचा, म्हणजे चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या बायबलमधील उताऱ्याचा, संदर्भ, पंचवीसेक ओळींचे चिंतन, खाली ‘आजची कृती’ आणि दोन ओळींची प्रार्थना, अशी तिची साधी मांडणी आहे.

ही पुस्तिका मी स्वतःसाठी घेतली नव्हती. माझ्या आईला काचबिंदू आहे. तिच्या नजरेच्या कडा गेली काही वर्षे आत सरकत आल्या आहेत, आणि या आजारात गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यांत घालायचे थेंब असतात ते उरलेली राखण्यासाठी. रात्री नऊला तिला दोन वेगवेगळ्या औषधांचे थेंब घालावे लागतात आणि दोहोंमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. पहिला थेंब पडला की ती डोळे मिटून, रुमालाचे टोक नाकाजवळच्या कोपऱ्यावर दाबून खुर्चीत स्वस्थ बसते, आणि त्या पाच मिनिटांत मी एक मनन मोठ्याने वाचतो. बहुतेक मनने चार मिनिटांत संपतात. तेव्हा हे परीक्षण दृष्टीविषयीचे लेखन दृष्टी जात असलेल्या माणसासमोर वाचून पाहिलेल्या वाचकाचे आहे, आणि त्या कसोटीवर पुस्तिकेतील काही पाने फार उंच ठरली, तर काही पुरती कोसळली.

पहिली तक्रार अगदी व्यावहारिक आहे. पुस्तिका खिशात मावावी म्हणून अक्षर इतके बारीक घेतले आहे की मला चष्मा लावूनही पान दिव्याखाली तिरके धरावे लागले. प्रायश्चित्तकाळात अशी पुस्तिका रोज नेमाने उघडणारे वाचक बहुतांशी साठीच्या पुढचे असतात, हे फाटकापाशी ती विकायला उभ्या असलेल्यांना दिसत होतेच. दृष्टीवरचे पुस्तक काढावे आणि ते दिसू नये, हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाही, पण रोज रात्री नऊला तो होत असे.

दुसरी चूक संपादनाची आहे. पानांवर फक्त तारखा छापल्या आहेत. प्रायश्चित्तकाळाचा कितवा आठवडा आणि कोणता वार, हे कोठेही नाही. वास्तविक या काळातील आठवड्याच्या दिवसांची वाचने दरवर्षी तीच असतात. बदलतात ती रविवारची, तीन वर्षांच्या चक्राप्रमाणे, आणि यंदाचे, म्हणजे त्या चक्रातील ‘अ’ वर्षाचे, रविवार पुन्हा २०२९ मध्ये येतील. तारखेऐवजी ‘चौथा आठवडा, सोमवार’ असे छापले असते तर पुस्तिकेचा मोठा भाग पुढेही जसाच्या तसा वापरता आला असता. आता मी पेन्सिलीने वार लिहून ठेवले आहेत.

आता मजकुराकडे वळतो. १५ मार्चचा रविवार हा पुस्तिकेचा मध्य असायला हवा होता, कारण त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा) नववा अध्याय, म्हणजे जन्मांध माणसाची कथा वाचली जाते. नेमके तेच पान सर्वांत निराश करते. लेखकाने पहिल्याच ओळीत शारीरिक अंधत्व बाजूला सारून ‘आपण सारे पापामुळे आंधळे झालो आहोत’ असे म्हटले आहे आणि मग पंचवीस ओळी त्याच एका सुरात गेल्या आहेत. आईने डोळे न उघडता विचारले, “म्हणजे माझ्या डोळ्यांत पाप साचलंय, असं म्हणतोय का तो?” मला उत्तर देता आले नाही, मात्र शुभवर्तमानाने ते देऊन ठेवलेले आहे. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, हा शिष्यांचा प्रश्न कथेच्या दारातच उभा आहे, आणि याचेही नाही व त्यांचेही नाही, असे येशू तेथल्या तेथे सांगतो. ज्या वाक्यासाठी एखाद्या आंधळ्या माणसाने ही कथा जन्मभर जवळ बाळगावी, तेच वाक्य या पानावर नाही. पुढे त्याच अध्यायात ‘आम्हांला दिसते’ असे म्हणणाऱ्या परूशांचे (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांचे) पाप मात्र काढलेले आहे. म्हणजे पापाचा संबंध येथे डोळसपणाच्या तोऱ्याशी आहे, आणि चिंतनात तो उलटा लावला गेला आहे.

भरवशाची बाजूही याच पानावर निसटली आहे. त्या माणसाला येशूने जागच्या जागी दृष्टी दिली नाही. डोळ्यांवर चिखल लावला आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुऊन ये, असे सांगितले. तोपर्यंत त्याला काही दिसत नव्हते, देईन असे वचनही मिळालेले नव्हते, आणि चिखलाने माखलेल्या तोंडाने तो जेरुसलेमच्या गल्ल्यांतून चालत गेला. २००४ मध्ये सांडपाण्याच्या वाहिनीचे काम चालू असताना या तळ्याच्या दगडी पायऱ्या सापडल्या. त्या पायऱ्यांवरून एक आंधळा माणूस पाय चाचपत उतरतो आहे, एवढे चित्र जरी लेखकाने डोळ्यांसमोर उभे केले असते तरी पान तरले असते.

आणि मग दुसऱ्याच रात्री, १६ मार्चला, मी पुस्तिकेला सगळे माफ केले. त्या दिवशीचे वाचन योहानाच्या चौथ्या अध्यायातील अंमलदाराचे आहे. त्याचा मुलगा कफर्णहूमात मरणाला टेकलेला असतो, तो स्वतः काना येथे येऊन येशूला आपल्याबरोबर खाली येण्याची विनवणी करतो, आणि येशू बरोबर न जाता ‘जा, तुझा मुलगा वाचला’ एवढेच सांगतो. यावर उपदेशात बहुधा चमत्काराचे कौतुक होते. या पानाच्या लेखकाने, की लेखिकेने (मननांखाली नावे नाहीत, पण हात ओळखू येतात), घड्याळ पाहिले आहे. ताप उतरला तो सातव्या ताशी, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास. आणि ‘काल’ उतरला असे चाकर वाटेत भेटून सांगतात, म्हणजे भेट झाली ती दुसऱ्या दिवशी. काना डोंगराळ भागात आहे, कफर्णहूम समुद्रसपाटीखाली सुमारे दोनशे मीटर असलेल्या सरोवराच्या काठी, आणि वाट पंचवीस-तीस किलोमीटरची, बरीचशी उताराची. मग मधली रात्र त्या बापाने कोठे काढली? लेखक सरायीचे, दिव्याचे कसलेही काल्पनिक वर्णन करत नाही. शब्द मिळाला आहे आणि मूल अजून दिसलेले नाही, या दोहोंमधली रात्र म्हणजे भरवसा, एवढे म्हणून तो थांबतो आणि खाली कृतीच्या जागी लिहितो : ‘आज ज्याची बातमी कळलेली नाही त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि फोन करू नका.’ ही शेवटची चार शब्दांची अट मला फार आवडली. आईने मात्र वेगळाच प्रश्न काढला : “झोपला असेल का रे तो?” त्या रात्री दुसरा थेंब दहा मिनिटे उशिरा पडला.

५ मार्चचे पानही वाचण्याजोगे आहे. भरवसा आणि दृष्टी ही दोन्ही सूत्रे त्या दिवशी वाचनांतच शेजारी येतात : यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात परमेश्वरावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाला पाण्याकाठच्या झाडाची उपमा आहे, आणि लूकच्या शुभवर्तमानात आपल्या दाराशी पडलेल्या लाजराला न पाहणारा श्रीमंत माणूस आहे. अधोलोकात गेल्यावर त्याने डोळे वर केले आणि तेव्हा कोठे त्याला लाजर दिसला, हा क्रियापदांचा खेळ लेखकाने नेमका टिपला आहे. दारात नेहमी येणाऱ्या एका व्यक्तीला आज तिचे नाव विचारा, ही त्या दिवसाची कृती जरा स्वस्तातली वाटली, कारण त्या श्रीमंताला लाजराचे नाव ठाऊक होतेच. तो अब्राहामाशी बोलताना ते घेतो. पण दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नेहमीची मासळीवाली आली तेव्हा माझ्या लक्षात आले की आईला, जिला तिचा चेहरा नीट दिसत नाही, तिचे नाव, तिच्या मुलींची नावे आणि धाकटीचे लग्न कोठे ठरले आहे हे सगळे माहीत होते, आणि मी मात्र तिला कित्येक वर्षे केवळ ‘मावशी’ म्हणत आलो होतो.

काही पाने इंग्रजीत लिहून मग मराठीत आणलेली दिसतात. ‘देव माझ्या जीवनात काम करत आहे’, ‘चला, त्याची उपस्थिती अनुभवू या’ अशी वाक्ये व्याकरणाने चुकीची नाहीत, पण ती कोणाच्याच तोंडची नाहीत. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनांची वाणी देऊन ठेवली, तिला शंभरांहून अधिक वर्षे झाली. तेव्हा मराठीत शब्द सापडत नाहीत, ही सबब चालणार नाही. मोठ्याने वाचताना अशा वाक्यांवर जीभ अडखळते आणि ऐकणारा डोळे मिटलेलाच असल्याने झोपतो. आई पाच-सहा वेळा झोपली. ती पाने कोणती, हे मी नोंदवून ठेवले आहे आणि गटाला कळवणार आहे.

सत्तर वर्षांच्या पुढच्या माणसासाठी पुस्तिका घेणार असाल तर ती घ्या, पण वाचून दाखवायला कोणी तरी असले पाहिजे. एकट्याने वाचणाऱ्याने १ मार्चचे अब्राहामावरील पान चुकवू नये. न पाहिलेल्या देशाकडे तो हारानातून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता, हे ऐकून “माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहानच की,” असे उद्गार आमच्याकडे निघाले.

पवित्र शनिवारी दिवसा मिस्सा नसते, म्हणून त्या पानासाठी संपादकांनी स्वतः वाचन निवडले आहे, आणि निवड अचूक आहे : मार्कच्या आठव्या अध्यायातील बेथसैद्याचा आंधळा. एरवी हे वाचन सामान्य काळाच्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांच्या) सहाव्या आठवड्यात बुधवारी येते. यंदा तोच बुधवार राखेचा निघाल्याने ते राहून गेले होते. या माणसाला दृष्टी दोन टप्प्यांत मिळते, आणि पहिल्या स्पर्शानंतर त्याला चालणारी माणसे झाडांसारखी दिसतात. क्रूस झाला आहे आणि कबर अजून उघडलेली नाही, त्या दिवसाला हीच अर्धी नजर शोभते, एवढेच लेखकाने लिहिले आहे. पान नेहमीच्या निम्मे आहे. वाचून झाल्यावर बराच वेळ उरला होता. आई रुमाल तसाच धरून म्हणाली, “त्याला माणसं झाडांसारखी दिसली. मला परवा संध्याकाळी अंगणातली पपई माणसासारखी दिसली. मी तिला ‘ये, बस’ म्हटलं.” मग तिने दुसऱ्या थेंबासाठी मान मागे टाकली.