संत बेनेडिक्टचं मेडल : घेण्याआधी मागची बाजू भिंगातून बघा

चर्चबाहेरच्या स्टॉलवर आणि ऑनलाइन ‘सैतानाला पळवणारं मेडल’ म्हणून जे मिळतं, ती बहुतेक वेळा 1880 च्या नमुन्याची नक्कल असते. मठातल्या साधूंसाठी नियमावली लिहिणाऱ्या संत बेनेडिक्टच्या जन्माला 1400 वर्षं झाली म्हणून इटलीतल्या माँते कासिनो मठाने तो नमुना काढला. त्यालाच ज्युबिली मेडल म्हणतात.

पुढच्या बाजूला संताच्या उजव्या हातात क्रूस, डाव्या हातात मठाची नियमावली. एका अंगाला फुटलेला विषाचा पेला, दुसऱ्या अंगाला विषारी पाव उचलून नेणारा कावळा. हलक्या मालात हा कावळा कबुतरासारखा दिसतो, पण ते चालून जाईल.

खरा ऐवज मागे आहे. वर ‘पाक्स’ म्हणजे शांती. बाकीची अक्षरं म्हणजे लॅटिन वाक्यांची आद्याक्षरं. क्रूसाच्या उभ्या दांड्यावर सी एस एस एम एल : पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो. आडव्यावर एन डी एस एम डी : अजगर माझा वाटाड्या न होवो. कडेने चौदा अक्षरं : व्ही आर एस एन एस एम व्ही, मग एस एम क्यू एल आय व्ही बी. कडेचं पूर्ण वाक्य ‘व्हादे रेत्रो सातना’ असं सुरू होतं. सैताना, मागे हो. फोल गोष्टींची भुरळ मला घालू नकोस. तू देतोस ते वाईट आहे, तुझं विष तूच पी.

भिंग इथेच लागतं. झिंकच्या स्वस्त ओतकामात क्यूची शेपटी भरून जाते आणि ओ उरतो. काही मेडलवर तर अक्षरांचा क्रमच चुकलेला असतो. मेडल फार लहान घेतलं तर चौदा अक्षरं नुसते ठिपके होतात. रोज वाचायचं असेल तर रुपयाच्या नाण्याएवढं घ्या. मुलामा दिलेलं मेडल घामाने काळं पडतं. पितळ हिरवट होतं, पण घासलं की अक्षर शाबूत राहतं. क्रूसात बसवलेलं मेडल असेल तर ते नुसतं चिकटवलंय की दाबून बसवलंय हे नखाने तपासा. चिकटवलेलं उन्हात सुटतं.

‘आशीर्वादित’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडून घेऊ नका. आशीर्वाद विकायची वस्तू नाही. साधं मेडल घ्या आणि फादरांकडे न्या. धर्मगुरू बेनेडिक्टाइन संघाचाच, म्हणजे संत बेनेडिक्टची नियमावली पाळणाऱ्या संघाचाच असावा लागतो असं आता नाही, कोणताही चालतो. फक्त या मेडलसाठीची खास प्रार्थना मागा. तिची सुरुवातच सर्वशक्तिमान पित्याच्या नावाने दुष्ट शक्तीला हुसकावून होते.

आता विक्रेता सांगत नाही ते. धातूत काही नाही, अधिकार ख्रिस्ताचा. बायबलात मार्क 16:17 मध्ये भुतं काढणं ‘माझ्या नावाने’ आहे. ते नाव मंत्रासारखं वापरलं की काय होतं, हे बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे : तसं करणारे स्किवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे जखमी होऊन उघडेच पळाले. श्रद्धा, पापनिवेदन आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सोडून गळ्यात मेडल अडकवलं, तर तो ताईतच झाला. उंबऱ्यात पुरून ‘बंदोबस्त’ झाला म्हणणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं.

भूतबाधेचा संशय असेल तर मेडल हे उत्तर नव्हे. आधी डॉक्टर, मग धर्मगुरू. बाधित माणसावरचा विधी स्थानिक बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय फादरही करू शकत नाहीत, चर्च कायद्याचं कलम 1172 तसं सांगतं. भूत काढतो म्हणून कुणी मारहाण केली, साखळीने बांधलं, तर महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, मग हातात क्रूस असो वा लिंबू.

शेवटचं : मेडल अडकवायची कडी मेडलपेक्षा आधी झिजते. स्टीलची बदलून घ्या. आशीर्वादित मेडल तुटलं तर कचऱ्यात टाकू नका, मातीत पुरा किंवा चर्चमध्ये परत द्या.