एलएम३९३ आयआर सेन्सर: मॉडेल रेल्वेसाठी कसा?
सीताबर्डीत मिळणारं हे स्वस्त मॉड्यूल (इन्फ्रारेड किरण सोडून गाडीवरून परतलेले किरण ओळखणारं; एलएम३९३ ही त्यावरची चिप) एचओ स्केलच्या (१:८७ प्रमाणाच्या) रुळाखाली उत्तम काम करतं, पण नागपूरच्या उन्हापासून ते जपावंच लागतं. खिडकीतून ऊन आलं की रिकाम्या रुळावरही जेएमआरआय (मॉडेल रेल्वे चालवायचं संगणक सॉफ्टवेअर) गाडी दाखवतं, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. किरण सोडणारा एलईडी आणि ते टिपणारा फोटोडायोड या दोन्हींवर काळी हीट-श्रिंक नळी चढवा, तोंडं उघडी ठेवून. मगच मॉड्यूलवरचा पोटेन्शिओमीटर (रेंज कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवून रेंज ३-४ सेंमीवर आणा. उलट क्रमाने केलंत तर सगळं परत करावं लागेल. डब्याचा काळा तळ किरण शोषतो, तिथे पांढरी पट्टी चिकटवा. डब्यांमधल्या फटीत सिग्नल तुटतो. म्हणून जेएमआरआयच्या सेन्सर टेबलात इनॅक्टिव्ह डिले (गाडी गेली असं मानण्याआधीचा थांबा) १००० मिलिसेकंद ठेवा. गाडी असताना आउटपुट ० व्होल्टकडे जातं. स्थिती उलटी दिसली तर वायरिंग सोडवू नका, त्याच टेबलातल्या ‘इन्व्हर्टेड’वर टिक करा. या किमतीत दुसरं काही घ्यायची गरज नाही.