थकलेली पोटगी: अर्ज नागपुरात की रायपुरात?

मामेबहिणीचा घटस्फोटित नवरा रायपूरला गेला आणि लेकीची पोटगी थांबली. नागपुरात वसुलीचा अर्ज केला तर लेकीची शाळा सांभाळून तारखेला जाता येतं. पण वॉरंट, म्हणजे वसुलीचा न्यायालयाचा हुकूम, बजावणार छत्तीसगडचे पोलीस. तिचं वॉरंट परत आलं, वर निळ्या शाईत शेरा: 'घराला कुलूप'. सात महिने गेले!

दुसरी वाट, तो राहतो तिथल्याच न्यायालयात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम 147 ही मुभा देतं, आदेशाची नक्कलही फुकट मिळते. रेल्वेचे हेलपाटे, तिथला वकील, हा खर्च आहेच. तरी त्याचा पक्का पत्ता हाती असेल तर मी रायपूरच म्हणेन.

वॉरंटसाठी मात्र रक्कम थकल्यापासून 1 वर्षाच्या आत अर्ज कराच.